थायरॉइड आणि बाळाचं आतडं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर प्रश्न पाठवणारे दोन प्रकारचे असतात. शरीरक्रियाशास्त्र शिकणारे विद्यार्थी, ज्यांच्या पुस्तकात उंदरांचे प्रयोग असतात. आणि पालक, ज्यांच्या हातात बाळाचा रिपोर्ट असतो. उंदराबद्दल जे खरं आहे ते माणसाच्या बाळाबद्दलही खरं मानलं की दोघांचाही गोंधळ होतो. म्हणून कोणती गोष्ट कोणाबद्दल आहे, हे प्रत्येक उत्तरात सांगितलं आहे. पालकांना घाई असेल तर थेट प्रश्न ७ पासून वाचायला हरकत नाही.

१. थायरॉइड ग्रंथी गळ्यात असते. तिचा आतड्याशी काय संबंध?

ग्रंथी गळ्यात असली तरी तिचं हार्मोन रक्तातून सगळीकडे जातं. ती मुख्यतः टी४ म्हणजे थायरॉक्सिन बनवते. त्यात आयोडीनचे चार अणू असतात. अवयवांमध्ये डीआयोडिनेज नावाची एन्झाइम्स त्यातला एक अणू काढतात आणि टी३ तयार होतं. खरं काम हे टी३ करतं. याच कुटुंबातलं तिसऱ्या प्रकारचं डीआयोडिनेज उलटं वागतं, ते हार्मोन निकामी करून टाकतं. त्यामुळे रक्तात हार्मोन किती आहे यावरून एखाद्या अवयवाला ते किती मिळतंय हे नेहमी कळतंच असं नाही. हा मुद्दा प्रश्न १२ मध्ये फार महत्त्वाचा ठरतो.

टी३ पेशीच्या केंद्रकातल्या रिसेप्टरला, म्हणजे हार्मोन ओळखणाऱ्या प्रथिनाला, जाऊन चिकटतं. हे रिसेप्टर अल्फा आणि बीटा अशा दोन जनुकांपासून बनतात. यकृतात बीटाचं राज्य, तर आतड्याच्या वाढीत अल्फाचं.

२. बाळ जन्मलं म्हणजे आतडं तयारच असणार ना? मग जन्मानंतर त्यात वाढायचं काय उरतं?

प्राणी कोणता, यावर ते अवलंबून आहे. उंदराचं पिल्लू फारच अर्धवट आतडं घेऊन जन्माला येतं. अन्न शोषणारे बोटांसारखे उंचवटे, म्हणजे व्हिलाय, तयार असतात. पण त्यांच्या तळाशी नव्या पेशी घडवणाऱ्या मूलपेशी जिथे राहतात ते खोलगट कप्पे, म्हणजे क्रिप्ट, जन्मानंतर घडतात. क्रिप्टच्या बुडाशी बसून जंतूंशी लढणाऱ्या पॅनेथ पेशी तर साधारण दुसऱ्या आठवड्यात दिसू लागतात.

माणसात यातलं बहुतेक काम गर्भातच उरकतं. व्हिलाय पहिल्या तिमाहीतच उगवू लागतात, त्यामागोमाग क्रिप्टही घडतात. जन्मानंतर उरते ती लांबी-रुंदीची वाढ, हालचालीतली शिस्त आणि जंतूंशी जुळवून घेणं. पूर्ण दिवसांच्या बाळाचं लहान आतडं पावणेतीन मीटरच्या आसपास असतं. मोठेपणी ते साधारण दुप्पट होतं.

३. उंदराच्या पिल्लात थायरॉइडमुळे नेमकं काय बदलतं?

सगळी गंमत तिसऱ्या आठवड्यात आहे. तोपर्यंत पिल्लू फक्त दुधावर असतं, आणि दूध म्हणजे भरपूर चरबी आणि लॅक्टोज. त्यानंतर ते दाणे कुरतडायला लागतं, म्हणजे पिष्टमय पदार्थ आणि वेगळ्या साखरा पोटात जाणार. या बदलाची तयारी आतडं आधीच करून ठेवतं. लॅक्टोज फोडणारं लॅक्टेज उतरू लागतं. या वेगळ्या साखरा फोडणारं सुक्रेज आणि ट्रेहालेज, जे आधी जवळजवळ नसतंच, ते झपाट्याने चढतं. आईच्या दुधातले प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, तोवर आतड्यातून जसेच्या तसे रक्तात जात असतात. तो रस्ताही याच सुमारास बंद होतो.

रक्तातलं टी४ नेमकं याच्या थोडं आधी, दुसऱ्या आठवड्यात वाढत असतं. नुसता काळ जुळला म्हणून कारण ठरत नाही, म्हणून ग्रंथी काढून पाहिलं गेलं. १९७४ साली रॅटच्या पिल्लांवरच्या प्रयोगांत दिसलं की पिट्युटरी (मेंदूच्या तळाशी असलेली, थायरॉइडला चालवणारी ग्रंथी) किंवा थायरॉइड काढली तर लॅक्टेज नेहमीसारखं उतरत नाही. बाहेरून थायरॉक्सिन दिलं की उतरतं. लहान पिल्लाला वेळेआधी थायरॉक्सिन दिलं, तर हे बदलही वेळेआधी सुरू होतात.

४. म्हणजे आतड्याचं घड्याळ थायरॉइडच चालवते, असं परीक्षेत लिहिलं तर चालेल?

नाही. लॅक्टेजबद्दलचे जुने प्रयोग इतके स्वच्छ आहेत की सगळं श्रेय थायरॉइडला देऊन मोकळं व्हावंसं वाटतं, पण आणखी तीन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात.

एक, ग्लुकोकॉर्टिकॉइड नावाची स्टेरॉइड हार्मोन्स. पिल्लाच्या अधिवृक्क (अॅड्रिनल) ग्रंथीतून येणारं असंच एक हार्मोन, कॉर्टिकोस्टेरॉन, तिसऱ्या आठवड्याच्या तोंडाशी उसळतं आणि सुक्रेज चढवण्यात त्याचाच वाटा मोठा असतो. थायरॉक्सिनचा सुक्रेजवर जो परिणाम दिसतो, तो बऱ्याच अंशी कॉर्टिकोस्टेरॉन वाढवून घडलेला असतो. लॅक्टेज उतरवण्यात मात्र थायरॉइडचा स्वतःचा हात आहे. दोन्ही हार्मोन्स एकत्र दिली तर परिणाम जास्त ठळक दिसतो.

दोन, आतड्याचं स्वतःचं वेळापत्रक. गर्भातल्या आतड्याचा तुकडा दुसऱ्या प्राण्याच्या शरीरात रोवला तरी तो आपल्या वयाप्रमाणे पिकत जातो. दूध पिणाऱ्या पिल्लाच्या आतड्यात ब्लिंप१ नावाचं प्रथिन मोठेपणीची जनुकं दाबून धरतं. २०११ मध्ये ते आतड्यातून काढून टाकलेले उंदीर तयार केले गेले, तेव्हा पिल्लांचं आतडं जन्मापासूनच मोठ्यांसारखं वागू लागलं.

तीन, अन्न. त्याचा वाटा वाटतो त्यापेक्षा कमी आहे, प्रश्न १६ पाहा.

तेव्हा परीक्षेत असं लिहा: वेळापत्रक आतड्याचं स्वतःचं असतं, थायरॉइड आणि ग्लुकोकॉर्टिकॉइड ते पुढेमागे सरकवतात आणि बदल पूर्णत्वाला नेतात.

५. हार्मोन पेशीच्या आत जाऊन करतं काय?

दोन वेगवेगळी कामं. पहिलं, क्रिप्टमधल्या पेशींना विभाजनाला लावणं. अल्फा जनुकापासून बनणारा अल्फा१ रिसेप्टर बीटा-कॅटेनिन या प्रथिनाचं जनुक थेट चालवतो, आणि बीटा-कॅटेनिन हा मूलपेशींना वाढायला सांगणाऱ्या डब्ल्यूएनटी मार्गाचा कणा आहे. हार्मोन नसेल तर विभाजन मंदावतं, क्रिप्ट उथळ राहतात, व्हिलाय आखूड होतात. दुसरं काम वर पोहोचलेल्या, पिकलेल्या पेशींमधलं: तिथे टी३ लॅक्टेजचं जनुक दाबतं आणि आतड्यातल्या अल्कलाइन फॉस्फटेज या एन्झाइमचं वाढवतं.

याचा सगळ्यात ठसठशीत पुरावा १९९७ चा आहे. अल्फा जनुक मोडलेले उंदीर जन्मताना ठीक दिसले. दोन आठवड्यांनंतर त्यांची वाढ थांबली, लहान आतडं आणि हाडं कच्ची राहिली, आणि दूध सुटण्याच्या सुमारास ते मरू लागले. या उंदरांची थायरॉइडही हळूहळू हार्मोन कमी बनवू लागली होती. दूध सुटण्याच्या काळात टी३ टोचलं तर ते वाचत. रिसेप्टर मोडलेला असताना हार्मोन कसं उपयोगी पडलं, असं विद्यार्थी लगेच विचारतात आणि बरोबर विचारतात. बीटा रिसेप्टर शिल्लक होता. शिवाय रिसेप्टर असून हार्मोन नसणं हे कधी कधी रिसेप्टर मुळीच नसण्यापेक्षा वाईट असतं, कारण हार्मोन न मिळालेला रिसेप्टर रिकामा बसत नाही, जनुकं दाबून धरतो.

६. प्रत्येक पुस्तकात या ठिकाणी बेडूक का येतो?

कारण तिथे हाच बदल डोळ्यांना दिसतो. १९१२ मध्ये गुडरनाच या संशोधकांनी बेडकाच्या पिल्लांना घोड्याची थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली आणि ती पिल्लं वेळेआधीच, इवल्या आकारात बेडूक बनली. त्यांच्या आतड्यातलं जुनं अस्तर टी३ मुळे मरून जातं, मूठभर पेशी मूलपेशी होतात आणि नवं अस्तर विणतात. शेवाळ खाणाऱ्या पिल्लाचं लांबलचक गुंडाळलेलं आतडं झेनोपस जातीत सुमारे तीन चतुर्थांशाने आखूड होतं. सस्तन प्राण्यात आतडं आखूड होत नाही, पण तिथेही टी३ उच्च पातळीवर असतानाच मोठेपणीच्या मूलपेशींची घडी बसते. बेडकाचा संबंध आहे तो एवढाच.

७. माझ्या बाळाला दूध पचत नाही. थायरॉइडमुळे लॅक्टेज कमी झालं असेल का?

बहुधा नाही. माणसाच्या बाळात लॅक्टेज, म्हणजे दुधातली साखर फोडणारं एन्झाइम, जन्माच्या सुमारास सर्वांत जास्त असतं, आणि दुसरी साखर फोडणारं सुक्रेज तर गर्भातच तयार असतं. म्हणजे तिसऱ्या आठवड्यातली उंदराची ती अदलाबदल (प्रश्न ३) माणसात त्या रूपात होतच नाही. लॅक्टेज माणसातही उतरतं, पण काही वर्षांनी, आणि सगळ्यांत नाही. ते कोणात टिकणार हे लॅक्टेज जनुकाच्या शेजारच्या डीएनएमधले छोटे आनुवंशिक बदल ठरवतात. थायरॉइडचा रिपोर्ट पाहून ते कळत नाही.

तान्ह्या बाळाला जुलाब लागल्यावर काही दिवस दूध नीट न पचणं ही वेगळी गोष्ट आहे. तिथे अस्तर खरवडलं गेलेलं असतं आणि ते भरून आलं की लॅक्टेजही परत येतं.

८. जन्मजात थायरॉइड कमी असलेल्या बाळाच्या पोटाच्या तक्रारी कोणत्या?

ही अवस्था जगभरात साधारण २००० ते ४००० जन्मांमागे एका बाळात सापडते. काही देशांत प्रमाण याहून जास्त आहे. पोटापुरतं बोलायचं तर तक्रार पचनापेक्षा हालचालीची असते. पहिली काळी शी उशिरा होते, नंतर बद्धकोष्ठता राहते, पोट फुगलेलं असतं, बेंबी पुढे येते. बाळ दूध ओढताना दमतं, दूध पिता पिता झोपी जातं, उठवावं लागतं. जीभ मोठी, रडणं घोगरं, कावीळ लांबलेली. आतड्याचे स्नायू आणि त्यांना चालवणाऱ्या नसा मंदावलेल्या असतात.

कावीळ आणि आतड्याचा इथे एक आडून संबंध आहे. शी लवकर पुढे सरकली नाही की पित्तातलं बिलिरुबिन आतड्यातून पुन्हा रक्तात शोषलं जातं. यकृताची मंद गती त्यात भर घालते.

यातली बहुतेक लक्षणं पहिल्या दिवसांत दिसतच नाहीत. म्हणूनच लक्षणांची वाट न पाहता टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तपासणी करतात.

९. मग जन्मताना बाळ अगदी ठणठणीत कसं दिसतं? आणि तोवर आतड्याचं कायमचं नुकसान होतं का?

आईचं टी४, म्हणजे थायरॉइडचं मुख्य हार्मोन, वारेतून थोड्या प्रमाणात बाळाकडे जात असतं, त्यावर निभावतं. नाळ कापल्यावर तो पुरवठा संपतो.

नुकसानाबद्दल: काळजी करायची ती मेंदूची. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूला हार्मोन कमी पडलं तर ती भरपाई नंतर होत नाही, म्हणून उपचार शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांत सुरू करतात. आतड्याचं अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नव्याने तयार होतं, आणि औषध लागू पडलं की शीची तक्रार सहसा लवकर सुटते. शी सुधारली म्हणून औषध पुरेसं आहे, असं मात्र समजू नका. डोस ठरतो तो रक्ताच्या तपासणीवर.

१०. पहिल्या दिवशी टीएसएच खूप जास्त आला. हा आजार आहे का?

टीएसएच म्हणजे पिट्युटरी ग्रंथीतून येणारं, थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन. एवढ्यावरून काहीच सांगता येत नाही. जन्मल्यावर अर्ध्या तासात प्रत्येक बाळाचा टीएसएच उसळतो, ६० ते ८० पर्यंतही जातो. त्यामागोमाग टी४ आणि टी३ पहिल्या दीड दिवसात शिखर गाठतात, मग उतरतात. म्हणूनच तपासणी शक्यतो ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान करतात. त्याआधी घेतलेला नमुना जास्त दाखवत असेल तर डॉक्टर पुन्हा तपासायला सांगतात. ती फेरतपासणी टाळू नका.

११. बाळाला चार दिवस शी झाली नाही. थायरॉइड असेल?

फक्त अंगावर पिणारं बाळ दीड महिन्यानंतर कधी कधी आठवडाभरही शी करत नाही. पोट मऊ आहे, वजन वाढतंय, आणि झाली तेव्हा शी पातळ झाली, तर ते चालतं.

खरा प्रश्न जन्मानंतरच्या पहिल्या ४८ तासांचा. पहिली काळी शी तेवढ्यात झाली नसेल, पोट फुगत असेल, हिरवी उलटी होत असेल, तर थायरॉइडच्या आधी हिर्शस्प्रुंग आजाराचा विचार होतो. त्यात मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात नसांच्या पेशी पोहोचलेल्याच नसतात आणि उपाय शस्त्रक्रियेचा असतो. हिरवी उलटी ही कोणत्याही नवजात बाळात तातडीची बाब आहे, रिपोर्टची वाट पाहायची नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या बाळात थायरॉइडची कमतरता आणि हिर्शस्प्रुंग, दोन्हींची शक्यता नेहमीपेक्षा जास्त असते. तिथे एक सापडलं म्हणून दुसरं शोधणं थांबवत नाहीत.

१२. टाचेची तपासणी नॉर्मल आली होती. तरीही थायरॉइडमुळे बद्धकोष्ठता असू शकते का?

क्वचित असू शकते, आणि या अपवादांतून आतड्याबद्दल सगळ्यात जास्त शिकायला मिळतं.

पहिला अपवाद २०१२ मध्ये प्रथम वर्णिला गेला. अल्फा रिसेप्टरच्या (प्रश्न १ पाहा) जनुकात बिघाड असलेली एक लहान मुलगी: वाढ खुंटलेली, हाडं मागे पडलेली आणि बद्धकोष्ठता तीव्र. टीएसएच नॉर्मल. टी४ कमीकडे झुकलेलं, टी३ जास्तीकडे. पिट्युटरी हार्मोनची पातळी जोखते ती बीटा रिसेप्टरने, आणि बीटा तिच्यात ठीक होता. म्हणून पिट्युटरीला सगळं आलबेल वाटत होतं. आतडं अल्फावर चालतं, ते उपाशी होतं. उंदरांत दिसलेली अल्फाची मक्तेदारी माणसाच्या आतड्यातही आहे, हे या मुलीमुळे उघड झालं. टीएसएचवर आधारलेली तपासणी हा आजार पकडू शकत नाही.

दुसरा, यकृतातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या गाठी, हेमांजिओमा. या गाठी तिसऱ्या प्रकारचं डीआयोडिनेज भरमसाट बनवतात आणि थायरॉइडने बनवलेलं हार्मोन तिच्या वेगापेक्षा लवकर नष्ट करतात. जन्मावेळी गाठी लहान म्हणून तपासणी ठीक येते; काही आठवड्यांनी गाठी वाढतात आणि हार्मोन संपू लागतं. अशा बाळांना औषधाचा डोसही नेहमीपेक्षा खूप जास्त लागतो.

तिसरा आणि सगळ्यात नेहमीचा: वेळेआधी जन्मलेलं बाळ. त्याची पिट्युटरी अजून कच्ची असते, त्यामुळे टीएसएच उशिरा चढतो आणि पहिली तपासणी चुकवून जातो. म्हणून अशा बाळांची तपासणी काही आठवड्यांनी परत करतात.

१३. औषध तोंडाने द्यायचं, आणि आतडंच मंद. मग ते शोषलं जाईल का?

जातं. लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे गोळीतलं टी४, लहान आतड्याच्या मधल्या आणि शेवटच्या भागात शोषलं जातं आणि आतडं मंद असलं तरी ते काम चालू राहतं. सुरुवातीचा डोस किलोमागे रोज १० ते १५ मायक्रोग्रॅम असतो. मोठ्या माणसाच्या मानाने हा खूपच जास्त आहे. पालक दचकतात, पण तो चुकून लिहिलेला नसतो.

गोळी कुस्करून थोड्या दुधात किंवा पाण्यात, चमच्यातच, आणि लगेच द्यायची. पूर्ण बाटलीत मिसळू नका, बाळाने अर्धी ठेवली तर डोस किती गेला कळत नाही. लोह, कॅल्शियम आणि सोयायुक्त दूध शोषण कमी करतात, त्यांच्यात आणि औषधात काही तासांचं अंतर हवं. पोटदुखीसाठी देतात त्या सिमेथिकोनच्या थेंबांबद्दलही डॉक्टरांना सांगा.

१४. आईच्या दुधातून बाळाला हार्मोन मिळतं ना? मी स्वतः थायरॉइडची गोळी घेते, अंगावर पाजू का?

पाजा. दुधात हार्मोन येतं, पण इतकं थोडं की त्याने ना अपाय होतो, ना बाळाची कमतरता भरून निघते. दुधातून जी मोलाची गोष्ट जाते ती आयोडीन. त्यासाठी अंगावर पाजणाऱ्या आईने रोज २५० मायक्रोग्रॅम आयोडीन घ्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

अतिरेकही वाईट. जखमेवर किंवा बेंबीवर लावायचं पोव्हिडोन आयोडीन नवजात बाळाच्या पातळ त्वचेतून शोषलं जातं आणि जास्त आयोडीनने ग्रंथी काही काळ कामच थांबवते.

१५. थायरॉइड जास्त असलेल्या बाळाचं आतडं लवकर पिकतं का?

तसं दिसत नाही. ते फक्त जास्त वेगाने पळतं. आईला ग्रेव्हज आजार, म्हणजे थायरॉइड जास्त चालवणारा आजार, असेल तर तिचे प्रतिपिंड वारेतून बाळात जाऊन त्याची ग्रंथी चेतवतात. अशा आयांच्या थोड्याच बाळांना त्रास होतो. बाळ अधाशासारखं पितं, वारंवार पातळ शी करतं आणि तरी वजन वाढत नाही. हृदयाचे ठोके जलद असतात. आईने पूर्वी शस्त्रक्रिया करून ग्रंथी काढली असली तरी प्रतिपिंड रक्तात राहू शकतात, म्हणून हा इतिहास प्रसूतीपूर्वी सांगाच. काही महिन्यांत प्रतिपिंड ओसरतात आणि त्रास थांबतो.

१६. वरचं अन्न लवकर सुरू केलं तर आतडं लवकर तयार होईल?

नाही. रॅटच्या पिल्लांना दुधावरच जास्त दिवस ठेवलं तरी त्यांचं लॅक्टेज ठरल्याप्रमाणे उतरतं. घड्याळ आतलं आहे, प्रश्न ४ पाहा. माणसाच्या बाळाला वरचं अन्न सहा महिन्यांनंतर.

१७. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना थायरॉक्सिन देऊन आतडं पिकवता येणार नाही का?

कल्पना साहजिक आहे. अशा बाळांचं टी४ खरंच कमी असतं, आणि लॅक्टेजही: ३४ आठवड्यांच्या सुमारास ते पूर्ण दिवसांच्या बाळाच्या जेमतेम एक तृतीयांश असतं. पण थायरॉइडचा आजार नसताना सरसकट थायरॉक्सिन देऊन पाहिलेल्या चाचण्यांत ठोस फायदा दिसला नाही, त्यामुळे ते नेहमीच्या उपचारात नाही. प्रसूतीआधी आईला स्टेरॉइड देतात ते मुख्यतः बाळाच्या फुफ्फुसांसाठी.

मला स्वतःला या कल्पनेत मुळातच अडचण वाटते. प्रश्न ३ मधलं पिल्लू आठवा: वेळेआधी थायरॉक्सिन दिलं की लॅक्टेज उतरू लागतं, पिल्लू अजून दुधावर असतानाच. माणसात तसं होतं याचा पुरावा नाही, पण ज्या बाळाला आधीच लॅक्टेज कमी आहे आणि पुढचे कित्येक महिने फक्त दूधच प्यायचं आहे, त्याचं आतडं घाईने मोठं करून त्याला मिळणार काय? अशा बाळांच्या आतड्यासाठी आज जे उपयोगी ठरलेलं आहे ते साधं आहे: आईचं दूध, थोडं थोडं, शक्य तितक्या लवकर सुरू केलेलं, आणि थायरॉइडची फेरतपासणी.